संदर्भसूचीतले माहेर

औषधशास्त्रात संशोधन करणाऱ्या आमच्या पुतणीने परवा आपल्या निबंधाची संदर्भसूची आम्हांस तपासावयास दिली. मराठीच्या मास्तराला औषधे न कळली, तरी स्वल्पविराम कळतो, असा तिचा हिशेब!

सूची 'व्हँकुव्हर' पद्धतीची होती. १९७८ साली कॅनडातील त्या शहरात वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक जमले व हस्तलिखितांसाठी त्यांनी समान नियम ठरविले. मजकुरात उल्लेख येईल त्या क्रमाने संदर्भांस आकडे. प्रथम आडनाव, मग नावांची आद्याक्षरे, त्यांच्यापुढे टिंबही नाही. आमच्या हजेरीपटाचीच चुलत बहीण म्हणावयाची.

सूचीत तिचे स्वतःचे दोन जुने निबंध होते. ते तिने सासरच्या नावाने लिहिले होते. आम्ही ते खोडले. निबंध ज्या नावाने छापला गेला, त्याच नावाने त्याचा संदर्भ द्यावा लागतो. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही नावाची आपली रीत आपण सोडलेली नाही. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, वडिलांच्या जागी पतीचे आद्याक्षर येते, क्वचित पहिले नावही जाते. वाचणाऱ्याच्या लेखी त्या दोन निराळ्या स्त्रिया! २०१२ पासून मिळू लागलेला 'ऑर्किड' हा सोळा अंकी क्रमांक त्या दोघींना जोडतो खरा. पण सूचीच्या ओळीत तो सहसा नसतो.

"मग या निबंधावर कोणते नाव घालू, काका?"

"दारावरची पाटी घराची, निबंध तुझा," एवढेच आम्ही म्हणालो.

तिने माहेरचे नाव लिहिले. जावईबापूंनी ते वाचून "हेच बरे" म्हटले. विहीणबाई अजून काही बोललेल्या नाहीत.