उंचीचा ताळेबंद

मुलाची उंची ही घराण्याची शोभा आणि मुलीची उंची ही घराची काळजी, हा न्याय आपल्या समाजात अजूनही चालतो. वराने वधूहून चार बोटे उंच असावे, हे कोणी लिहून न ठेवताही सर्वांस पाठ असते. बदलीच्या नोकरीने आम्ही बंगळूरला आलो, तरी हा दंडक आमच्या मागोमाग मल्लेश्वरमपर्यंत आलाच. आमची कन्या बारावे सरता सरता पाच फूट आठ इंच झाली आणि साताऱ्याहून आजींचा फोन आला, "वाढ थांबवायचं औषध असतं म्हणे. विचारून तर पाहा."

औषध आहे, हे खरे. स्त्रीसंप्रेरक मोठ्या मात्रेत दिले की हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा लवकर सांधतात व उंची थांबते. मेलबर्नचे डॉ. नॉर्मन वेटनहॉल यांनी १९५९ पासून अनेक उंच मुलींवर हा उपचार केला. हेतू चांगलाच होता; मुलींची कुचंबणा काही खोटी नव्हती. लाभ मात्र बहुधा एकदोन इंचांचा. मळमळ, वाढते वजन, रक्तात गुठळ्या होण्याचे भय हे लगेचचे तोटे. मोठा तोटा पुढे कळला. त्या मुली प्रौढ झाल्यावर त्यांचा शोध घेण्यात आला. उपचार न घेतलेल्या तितक्याच उंच स्त्रियांपेक्षा त्यांना गर्भधारणेस अधिक अडचणी आल्या, असे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

लाभ आपल्या कारकीर्दीत आणि तोटा पुढील अधिकाऱ्याच्या माथी, असे प्रस्ताव आपण सर्वांनीच पाहिले आहेत. येथे लाभ होता आमच्या निश्चिंतपणाचा. तोटा सोसणार होती आणखी वीस वर्षांनंतरची एक स्त्री.

येथील डॉक्टरांनी हाताचा एक्सरे काढला, उंचीमागे व्याधी नाही याची खात्री करून घेतली आणि सांगितले, "सहा फुटांच्या आसपास थांबेल. हा उपचार आता क्वचितच करतात." तोवर गप्प बसलेल्या कन्येने विचारले, "औषध घेतलं तर मुलं चिडवायची थांबतील का?" डॉक्टरांपाशी इंचांचा हिशेब होता, याचा नव्हता.

प्रस्ताव नामंजूर झाला. आजींना तसे कळविले. आता काम उरले आहे ते आमचे: पोक काढून चालणाऱ्या या मुलीला ताठ चालू देणे, आणि घरी येणाऱ्याने "केवढी झाली ही!" म्हणताच स्वतः खाली न पाहणे.