नाहूरच्या पटांगणातील तसबीर

मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये नाहूर वसले आहे. २००६ साली येथे स्थानक झाले. तोपर्यंत येथील माणसांना गाडी धरण्यासाठी या किंवा त्या शेजारच्या स्थानकाकडे जावे लागे. पूर्वेला मिठागरांचा सखल पट्टा आणि ऐरोलीकडे जाणारा रस्ता, पश्चिमेला दूरवर राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. प्रवासवर्णन लिहावे असे येथे काही नाही, असे मला वाटे. गेल्या हिवाळ्यातील एका संध्याकाळने तो समज दूर केला.

आमच्या सोसायटीतील हौशी मंडळींनी पटांगणात ‘संशयकल्लोळ’मधील निवडक प्रवेश करावयाचे ठरविले. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपून आम्ही सतरंज्यांवर जाऊन बसलो. भांडुपहून अक्काही आली होती. परंतु माझ्यापासून दोन रांगा दूर बसली. आईच्या पश्चात आम्हा बहिणींत अबोला धरल्याला आठ महिने झाले होते.

आमचे माहेर सांगलीचे. या नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. कृष्णा-वारणेच्या संगमावरील ते गाव आम्ही लहानपणी पायी फिरलेले. नाटकाचे कथाबीज मात्र फार दूरचे. मोलियेरने १६६० साली पॅरिसमध्ये एका संशयी नवऱ्याचा फार्स रंगविला. त्याच्या आधारे आर्थर मर्फीने १७६१ साली लंडनच्या रंगभूमीसाठी इंग्रजी प्रहसन रचले. इंग्रजी अमदानीत ते देवलांच्या हाती आले आणि १८९३ साली त्यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. पदांची जोड मिळून ते ‘संशयकल्लोळ’ या नावाने गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणले. देवलांचे निधनही त्याच वर्षीचे.

इतक्या हातांतून आलेली वस्तू परकी वाटावयास हवी होती. देवलांनी पुरुषांना महिन्यांची नावे दिली, स्त्रियांना नक्षत्रांची: फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती, मघा. जणू आपल्या पंचांगातूनच ही माणसे उतरली! पॅरिसचा नवरा मराठी घराच्या ओसरीवर आला आणि तेथलाच झाला.

आमचा फाल्गुनराव बँकेतून निवृत्त झालेला, रेवती महाविद्यालयात शिकणारी. तसबीर म्हणून अश्विनशेठचे पारपत्राचे छायाचित्र मोठे करून चौकटीत बसविले होते. ऐन भांडणात जलद गाडी धडधडत गेली, की पात्रे क्षणभर तशीच उभी राहत आणि गाडी गेल्यावर त्याच त्वेषाने भांडू लागत. प्रेक्षक अधिकच हसत.

हसता हसता एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. रस्त्यात मूर्च्छा आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तसबीर कृत्तिका उचलते, ते फाल्गुनराव पाहतो. दोघांच्याही डोळ्यांनी दगा दिलेला नाही. पाहिलेले खरेच आहे, परंतु अर्धे आहे. उरलेले अर्धे विचारून घ्यावे, हे मात्र कोणालाच सुचत नाही. ह्याच देवलांनी १८९० साली शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ लिहिले. तेथे संशयापायी निरपराध पत्नीचा जीव जातो. येथे नुसता कल्लोळ होऊन सर्वांना शहाणपण येते. संशय दोन्हीकडे तोच. वेळीच कोणी विचारले की नाही, एवढ्यावर शेवट ठरतो.

प्रयोग संपल्यावर मी अक्काला स्थानकापर्यंत पोहोचवावयास निघाले. जिन्याशी ती थांबली.

“आईच्या पाटल्या तू सोनाराकडे का नेल्या होत्यास?”

“एकीला चीर गेली होती, अक्का. सांधून आणल्या. तुझी तुझ्यासाठी ठेवली आहे. आणि तू आईची पेटी का हलविलीस?”

“पावसात भिंत ओलावली होती गं. तिची पत्रे भिजली असती.”

आठ महिने जे डोक्यात घेऊन आम्ही झोपत होतो, ते एवढेच होते. एक गाडी तिने जाऊ दिली, मग दुसरी. फलाटावरच्या बाकावर बसून आम्ही हरिपूरच्या वाटेच्या गोष्टी बोलत राहिलो. तिसऱ्या गाडीत चढताना ती म्हणाली, “रविवारी ये. पत्रे बरोबर वाचू.”