घेत नाही, घेत नाही

गाडीतल्या त्या यंत्राला आमच्या घरात शेवटपर्यंत ‘टेप’च म्हणायचे. त्यात कॅसेट जात नव्हती, सीडी जात होती, पण बाबा म्हणायचे, “टेप लाव रे.” आई म्हणायची, “घाट आला, टेप बारीक कर.” आणि मागच्या सीटवरून आजी विचारायची, “टेप का बोलेना?” तुमच्याकडेही टेपच म्हणत असतील.

२००४ च्या दसऱ्याला सांगलीत आमच्या दारी गाडी आली. हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि गल्लीतल्या सगळ्यांना आत बसवून टेप ऐकवला. कंपनीचाच टेप, बाहेरून बसवून घेतलेला नव्हे. डॅशबोर्डाशी असा एकजीव, की मध्ये नखही शिरू नये. दुकानातून आणलेली अभंगांची सीडी त्याने पहिल्या झटक्यात घेतली आणि भीमसेनजींच्या आवाजाने गल्ली भरून गेली. आजीने टेपलाही हळदकुंकू लावलं.

पंचाईत झाली दिवाळीनंतर, गणपतीपुळ्याला निघालो तेव्हा. दादाने आदल्या रात्री जागून घरच्या कॉम्प्युटरवर सीडी राइट केली होती. एकाच सीडीत एकशे वीस गाणी! पहाटे पाचला सगळे गाडीत बसले, डबे मांडीवर, आणि दादाने सीडी आत सरकवली. आत खर्रखर्र झालं, काचेवर काही तरी लुकलुकलं, मग ‘एरर’ आलं आणि सीडी बाहेर. पुन्हा घातली. पुन्हा बाहेर. कोल्हापूर गेलं, मलकापूर गेलं, आंबा घाट उतरलो. दर दहा मिनिटांनी मागून प्रश्न, “घेतली का रे?” आणि पुढून उत्तर, “घेत नाही.”

‘घेत नाही’ हे दोन शब्द पुढची दोन वर्षं आमच्या घरात मुक्कामाला होते. आजीला त्यात पहिल्यापासून एकच गोष्ट दिसायची. “लेकरू घास घेईना तर लेकराला मारतात का? घास बदलून बघा.” आज मागे वळून पाहताना वाटतं, तो टेप दुरुस्त करण्याची सगळी विद्या या एका वाक्यात होती. आम्हीच उशिरा ऐकलं.

कारण आधी आम्ही लेकरालाच दोष दिला. गल्लीतल्या प्रत्येकाने उपाय सांगितला. कुणी म्हणालं, इंजिन चालू ठेवून घाला. कुणी म्हणालं, बॅटरीची वायर काढून दहा मिनिटांनी लावा. कुणी लेन्स पुसायची, बारीक ब्रश लावलेली सीडी आणून दिली. आईने जुन्या लुगड्याचा मऊ फडका काढला आणि सीडी ताटासारखी गोल गोल पुसली. पुढे कळलं की तसं पुसायचं नसतं. सीडीवरचा मजकूर आतून बाहेर फिरत जाणाऱ्या एकाच रेघेत असतो. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो त्या रेघेच्या बाजूने लांबवर पडतो आणि यंत्राला जुळवून घेता येत नाही. मधल्या भोकापासून काठाकडे सरळ पुसलं, तर पडलेला ओरखडा रेघेला नुसता आडवा ओलांडतो. ती एक रेघ उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरते, म्हणजे सांगलीतून निघून मिरजेच्या अर्ध्या वाटेपर्यंत. हे कळल्यावर आई सीडी हातात घेताना पदराने हात पुसू लागली.

खरं कारण सापडलं ते गाडीच्या कप्प्यातल्या पुस्तिकेत. ट्यूबलाइटखाली बाबा, दादा आणि ताई तिघंही डोकं घालून बसले होते. इंग्रजी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा टेप फक्त ऑडिओ सीडी वाजवतो. टेपच्या तोंडावर तसं चिन्हही कोरलेलं होतं, रोज समोर असून आम्ही न वाचलेलं. दादाने गाणी घातली होती एमपीथ्री करून, फायली म्हणून, कॉम्प्युटरने वाचावीत तशी. आमच्या टेपला फायल म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा जी रीत ठरली, तेवढीच त्याला येत होती. सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा मोजलेला आवाज, एका सीडीत फार तर ऐंशी मिनिटं. बस्स.

म्हणजे एकशे वीस गाणी नाहीत. सोळा. फार तर अठरा.

मग नव्याने राइट केली, ऑडिओ म्हणून. घरातल्या कॉम्प्युटरवर खणखणीत वाजली. गाडीत नेली. घेत नाही! दादा अंगणातच पायरीवर बसला. या खेपेला कारण असं निघालं की त्याने सीडी ‘बंद’ केली नव्हती. नंतर आणखी दोन गाणी घालू म्हणून तोंड उघडं ठेवलं होतं. सीडी पूर्ण करून मिटवली, की मगच तिच्या आतल्या काठाशी अनुक्रमणिका लिहिली जाते, आणि टेप पहिल्यांदा तीच शोधतो. कॉम्प्युटर हुशार, अनुक्रमणिका नसली तरी पानं चाळून घेतो. टेपला मात्र अनुक्रमणिका नाही म्हणजे पुस्तकच नाही.

त्यानंतर आला पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीचा मोह. काटकसरी घर आमचं. एकच सीडी पुसून दर प्रवासाला नवी गाणी, याहून सुख कोणतं? तीही घेत नाही. हे कोडं मिरजेच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने सोडवलं. आम्ही त्यांना मिस्त्रीकाका म्हणायचो. जिथे तंबोऱ्याचा भोपळा तडकला तरी तो फेकून न देता सांधून देतात, त्या गावाचा माणूस. त्यांनी टेप उघडलाच नाही. आमच्या तीन सीड्या हातात घेतल्या आणि उन्हात धरून दाखवल्या. दुकानातली चांदीसारखी लख्ख. घरी एकदाच लिहायची ती हिरवट-निळसर. पुन्हा पुन्हा लिहायची ती काळपट, आरशात अंधार पडल्यासारखी. “हे छापील पुस्तक,” ते म्हणाले, “ही शाईनं लिहिलेली वही, आणि ही पाटी. तुमच्या टेपला चष्मा आहे. छापील वाचतो, वही कशीबशी वाचतो, पाटीवरचं पुसट त्याला दिसत नाही.”

याहून नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. छापील सीडीत ॲल्युमिनियमच्या पातळ मुलाम्यामागे, प्लास्टिकमध्येच, खरेखुरे खळगे ठोकलेले असतात. तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला निदान सत्तर टक्के परत येतो. घरच्या सीडीत रंगाचा एक थर असतो, लेसर तो जागोजागी भाजतो आणि ते डागच खळग्यांचं काम करतात. पाटीवाल्या सीडीकडून मात्र जेमतेम पंधरा ते पंचवीस टक्के उजेड परततो. जुन्या टेपच्या डोळ्याला तेवढा पुरत नाही. मिस्त्रीकाकांनी पैसे घेतले नाहीत. उन्हात सीडी धरायचे पैसे कसले, म्हणाले.

जाताना त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. लिहिताना घाई करू नका, आणि वर कागद चिकटवू नका. कागद आमच्या ताईचा होता. गोल कापलेला, वर स्केचपेनने काढलेली वेल. पण गाडी उन्हात तापली की कडा सुटतात, आणि सीडी गरगर फिरताना तोल जाऊन थरथरते. ताईने तो कागद हळूच सोलला, तर त्याच्याबरोबर चांदीही उचकटून आली! तेव्हा समजलं की गाणी असतात वरच्या नावाच्या अंगाला, वार्निशाच्या पातळ थराखाली. खालचं जाड प्लास्टिक ही नुसती काच. आम्ही सगळे जन्मभर खालची बाजू जपत होतो आणि वरच्या बाजूवर टोकदार बॉलपेनने नावं लिहीत होतो.

घाई न करणं मात्र आम्हाला जमण्यासारखं होतं. सीडी रायटर बावन्नच्या वेगाने तीन मिनिटांच्या आत सीडी करून द्यायचा. आम्ही चारवर आणलं. वीस मिनिटं. त्या काळात आमच्याकडे लोडशेडिंग किती होतं ते तुम्हाला आठवत असेल. वेळापत्रक वर्तमानपत्रातून कापून फ्रिजला लावलेलं असायचं. ते पाहून मुहूर्त धरायचा. सुरू झालं की घरभर हाकारा: सीडी चालू आहे, कुणी हात लावू नका! सीडी चालू आहे, मिक्सर नको! सीडी चालू आहे, दार आपटू नका! मिक्सरचा आणि सीडीचा संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. आईने कित्येक संध्याकाळी चटणी पाट्यावर वाटली ती त्या वीस मिनिटांसाठी.

आणि मग एका रविवारी टेपने घेतली. खर्रखर्र झालं, काचेवर आकडा उमटला, 01, आणि सुधीर फडक्यांचा आवाज सुरू झाला. फाटकाशी उभी गाडी, चारी दारं उघडी, आणि आम्ही सगळे जिथे होतो तिथेच उभे. आजी आतून काठी टेकत आली. “घेतला ना घास?” एवढंच म्हणाली.

खरी मौज त्यानंतरची. ऐंशी मिनिटं एवढीच पुंजी आणि खाणारी तोंडं सहा. शनिवारी रात्री जेवणं झाली की वहीचं पान फाडून यादी मांडायची. आजीचा एक अभंग आठ मिनिटांचा. तो घेतला की दादाची दोन गाणी जायची. आईला आशाताई हव्यात. बाबांना हृदयनाथ. काकाला नाट्यपदं. ताईला ‘गारवा’, दादाला अजय-अतुल. “तुमचा अभंग एक, माझी दोन” असा बाजार चालायचा. गाणं किती मिनिटं आणि किती सेकंदांचं, हे आमच्या घरात दुधाच्या हिशेबासारखं तोंडपाठ होतं. ताई तर रस्ता धरून क्रम लावायची. गावातून निघताना अभंग, हमरस्त्याला लागलं की झटक्याचं काही, आणि घाटात संथ गाणं, कारण घाटात आईला मळमळायचं.

हे काही नवं नव्हतं म्हणा. आईबाबांच्या पिढीने कॅसेटच्या दुकानात अशाच याद्या दिल्या होत्या. साठ मिनिटांची कोरी कॅसेट, तीस इकडे तीस तिकडे, आणि शेवटचं गाणं अंतऱ्यात तुटलेलं. सैल झालेली फीत पेन्सिल घालून गुंडाळणारे हातच आता सीडी उन्हात धरून बघत होते. त्या जुन्या कॅसेटीही आम्ही एक वायर जोडून कॉम्प्युटरवर घेतल्या. तासाची कॅसेट भरायला तासच लागायचा. आजीच्या आग्रहाखातर गीतरामायणाची छप्पन्न गाणी सहा सीड्यांत बसवली. १९५५ साली पुणे केंद्रावरून ते पहिल्यांदा लागलं तेव्हा आजी शेजाऱ्यांच्या रेडिओपुढे दाराबाहेर बसून ऐकायची. आता तिचा राम गाडीत बसून नरसोबाच्या वाडीला निघाला होता.

बिघडलेल्या सीड्यांचं काय केलं? टाकल्या नाहीत, टाकायची रीतच नव्हती. दोन पेरूच्या झाडाला टांगल्या, पोपट येऊ नयेत म्हणून. एक सायकलच्या मागे, रात्री चमकायला. चार चहाच्या कपांखाली. बाकीच्या सगळ्या गणपतीच्या आरासीत, मूर्तीमागे सूर्याच्या किरणांसारख्या लावलेल्या. समईच्या उजेडात त्यांच्यावर इंद्रधनुष्यं हलायची आणि बघणारे विचारायचे, हे कुठून आणलं? सीड्यांच्या रिकाम्या डब्यातल्या मधल्या दांड्यावर आईच्या बांगड्या अजून आहेत.

२०१५ मध्ये गाडी विकली. तोवर गाणी मोबाइलवर आली होती. देव काढला, वायझरला लावलेला सीड्यांचा पाउच काढला, सीटखालचं चिंचेचं बुटुक काढलं. घेणारे जतकडचे होते, तरुण जोडपं, मागे पाच-सहा वर्षांची मुलगी. त्याने चावी फिरवली आणि टेप बोलायला लागला. आदल्या वेळी जिथे थांबला होता तिथून, अभंगाच्या मधूनच. आत सीडी राहिली होती. आजीची. बाबांचा हात बटणाकडे गेला. मागून मुलगी म्हणाली, “राहू दे ना, चालू आहे.”

बाबांनी हात मागे घेतला.

कव्हर घरी फडताळात आहे. आत आजीच्या अक्षरात पेन्सिलीने सतरा गाण्यांची यादी, आणि नवव्या आकड्यापुढे लहानसं, ‘घाट’.