पान की टेंभरं?

सार्वजनिक आरोग्य हा माझा विषय आणि चंद्रपूर-गडचिरोली हा कामाचा मुलूख. आमच्या बैठकांत औषधसाठा, रुग्णवाहिका, रिकामी पदं यांवर भरपूर बोलणं होतं. तेंदूपत्त्यावर होत नाही. ते व्हायला हवं, असं मला वाटायला लागलं ते पाचगावमुळे.

पाचगाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं. 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2012 साली या गावाला 1,006 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबू स्वतः विकायला घेतला आणि तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. ऐन उन्हाळ्यात हातात रोकड देणारा हंगाम सोडणं सोपं नाही. पण बिडीला कोवळं, मऊ पान लागतं. ते भरपूर यावं म्हणून आधी झुडपं छाटतात, जंगलात आग लावतात, म्हणजे खालून नवे फुटवे येतात. दरवर्षी हेच झालं की झुडपाचं झाड होत नाही आणि झाडच नाही तर टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, कुठून लागणार? आगीत बाकीची रोपंही होरपळतात. ग्रामसभेने हा हिशेब मांडला आणि पानापेक्षा फळ राखलं. जंगलाचा एक तुकडा तर कुणीच काही तोडायचं नाही म्हणून वेगळा ठेवला.

हा निर्णय वनसंवर्धनाचा म्हणून सांगितला जातो. मला तो आहाराचाही वाटतो. इथल्या ताटात भात असतोच. प्रश्न असतो भातासोबत काय, याचा. उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं (चारोळीची फळं), पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोंब), सात्या (रानअळंबी), तरोट्याची भाजी, वाळवून ठेवलेलं मोहफूल, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल. यातलं रेशन दुकानात काही मिळत नाही. पोरं रानातून येता-जाता जे तोंडात टाकतात, ते कुठल्या पोषण योजनेच्या नोंदवहीत चढत नाही. तेंदूपत्ता गोण्यांत मोजतात, बांबू नगांत. खाल्लेलं टेंभर कुणीच मोजत नाही. म्हणून जंगलाचा हिशेब दूर कुठेतरी होतो तेव्हा ते वजा होतं. खाणारेच हिशेबाला बसले, की ते आपसूक जमेला येतं.

सगळ्या गावांनी तेंदू सोडावा, असं माझं म्हणणं नाही. पाचगावच्या हाताशी बांबूचा पैसा होता. गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात आणि त्याच पैशातून बी-बियाणं येतं, दवाखान्याची वाट धरता येते. तराजू कोणाच्या हातात, हा मुद्दा आहे.

आणि तराजू हातात आला तरी तोलायला माहिती लागते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे फार आधी ओळखलं. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. जंगल सुमारे 1,800 हेक्टर. पण गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने तिथे अभ्यासगट त्याआधी कितीतरी वर्षं बसत होते. आधी विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सर्वांची सहमती होईपर्यंत बोलायचं, बहुमताने उरकायचं नाही. एप्रिल 2011मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, ते या तयारीवर.

माहिती हाती आली की गावच काम पेलतं, हे याच जिल्ह्यात आरोग्याच्या बाजूनेही सिद्ध झालंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखणं आणि वेळ पडली तर इंजेक्शन देणं, हे डॉक्टरांचं म्हणून राखलेलं कामही त्यात होतं. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. पुढे ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली.

जंगल सांभाळणं आणि बाळ वाचवणं, दोन्ही तज्ज्ञांची कामं समजली जात होती. गडचिरोलीने दोन्ही समज मोडले, पण वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या खात्यांसमोर. कुरखेडा-कोरचीकडे ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या संस्थेने आरोग्य, वनहक्क आणि बचत गट ही कामं एकत्र धरली आहेत. बाकी ठिकाणी आरोग्य खात्याचं वनखात्याला ठाऊक नसतं आणि वनखात्याचं आरोग्याला.

मोहाचा हंगाम घ्या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बायका झाडाखाली वाकून फुलं वेचतात आणि वाघाचे हल्ले नेमके अशाच वेळी होतात. फुलं दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा जाळतात, त्यातून वणवे पेटतात. झाडाखाली जाळी बांधली तर आग लावावी लागत नाही, वाकणंही कमी होतं. हा खर्च वनखात्याचा की आरोग्य खात्याचा, हा वाद दोन कार्यालयांत वर्षभर चालेल. ग्रामसभेत तो उद्भवत नाही. तिथे जंगल आणि जखमी बाई एकाच गावची असते.

वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करावा लागतो. गडचिरोलीत अशी गावं हजाराहून अधिक आहेत. माझी मागणी छोटी आहे: आराखड्यात गावाला खायला काय लागतं, याचं एक पान असावं, ते बायकांच्या सभेत भरलं जावं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी त्या सभेला जाऊन बसावं. सल्ला द्यायला नंतर, पहिल्यांदा ऐकायला.