उन्हाळ्यातली खोली आणि थंड अ‍ॅम्प्लिफायर

घरात एखादी वस्तू घेताना आपण किंमत विचारतो, गॅरंटी विचारतो, रंगसुद्धा विचारतो. ती किती तापते, हे मात्र सहसा विचारत नाही. फ्रिज असो, इन्व्हर्टर असो की संगणक, घेतलेल्या विजेची बहुतेक उष्णता शेवटी खोलीतच सुटते. अ‍ॅम्प्लिफायर निवडताना आम्ही हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला. त्याला कारण होते आमची खोली आणि आमचे अब्बा.

आम्ही दोघेही सोलापुरात शिक्षक. पेपर तपासणे, पाठाची तयारी, संध्याकाळची ऑनलाइन शिकवणी हे सगळे वरच्या मजल्यावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत चालते. वर थेट स्लॅब आहे. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या राहतात.

याच खोलीत अब्बांच्या कॅसेटी आहेत. 1980 च्या दशकात त्यांनी मुशायऱ्यांत बसून भरलेल्या, सव्वाशेच्या वर. बऱ्याच कॅसेटींवरची चिठ्ठी गळून पडली आहे. कोण शायर, कुठला मुशायरा, हे आता फक्त अब्बा आवाजावरून सांगू शकतात आणि अब्बांचे वय आहे 82. ते ओळखतात, आम्ही लिहून घेतो. तिघांनी एकत्र ऐकायचे असल्याने हेडफोनचा उपयोग नाही. सलग वेळ मिळतो तो फक्त उन्हाळी सुट्टीत. शिवाय टेपची खरखर इतकी की शब्द पकडायला पंखा बंद करावा लागतो. अशा खोलीत वयस्क माणसाला बसवून शेजारी आणखी एक शेगडी पेटवायची का, हा खरा प्रश्न होता.

स्पीकर मात्र उत्तम मिळाले. भाईजान दुबईहून कायमचे परतले, तेव्हा त्यांनी त्यांची केईएफ एलएस50 ही जोडी आम्हाला दिली. अ‍ॅम्प्लिफायर ते तिकडेच विकून आले होते. या स्पीकरची संवेदनशीलता 85 डेसिबल आहे. म्हणजे साधारण 1 वॉट दिला, तर एक मीटरवर 85 डेसिबल आवाज मिळतो. आकडा कमी असल्याने 'याला तगडा अ‍ॅम्प्लिफायर लागतो' असे सगळे सांगतात. कंपनीची शिफारस 25 ते 100 वॉटची आहे.

आम्ही हिशेब मांडला. आवाज 10 डेसिबलने कमी केला, की लागणारी शक्ती दहापट घटते. टेबलाशी बसून 75 डेसिबलवर ऐकले, तर 0.1 वॉट पुरतो. एकदम उसळणाऱ्या दादेसाठी आणि टाळ्यांसाठी 95 डेसिबल धरले, तरी 10 वॉट. म्हणजे स्पीकर खातो अगदी थोडे. मग खोली तापवतो कोण? अ‍ॅम्प्लिफायर स्वतः.

अ‍ॅम्प्लिफायरचे प्रकार इथे समजून घ्यावे लागतात. 'क्लास ए' मध्ये प्रवाह सतत वाहत असतो, नळ कायम सोडून ठेवावा तसा. त्याची कार्यक्षमता कागदावरसुद्धा 50 टक्क्यांच्या वर जात नाही. दोन्ही बाजूंना 25-25 वॉट देणारा असा अ‍ॅम्प्लिफायर किमान 100 वॉट घेतो, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. गंमत म्हणजे आवाज बंद असताना तो सर्वांत जास्त तापतो. शांत बसलेला मोठा माणूसही साधारण 100 वॉट उष्णता सोडतो. म्हणजे खोलीत तिघांऐवजी चौघे बसल्यासारखेच. रोज सहा तास चालवला तर महिन्याला 18 युनिट होतात. बिलाची फार चिंता नव्हती, पण त्या चौथ्या माणसाला बसवायला आमच्याकडे जागा नव्हती.

'क्लास एबी' हा सर्रास मिळणारा प्रकार. आवाज नसताना त्यातला प्रवाह कमी ठेवलेला असतो, तरी नुसता चालू असताना 20 ते 40 वॉट खाणारे नग दिसतात. मोठ्या, हवेशीर बैठकीत त्याला काहीच हरकत नाही.

'क्लास डी' ची रीत निराळी. त्यातले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होतात. उष्णता मुख्यतः अर्धवट उघड्या अवस्थेत तयार होते आणि ती अवस्था इथे जवळजवळ नसतेच. त्यामुळे भरपूर आवाजावर कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या आसपास जाते आणि नुसता चालू असताना 10 वॉटच्या आगेमागे वीज लागते. यातला 'डी' म्हणजे डिजिटल नव्हे, ए-बी-सी नंतरचे ते पुढचे अक्षर आहे.

'क्लास डी कोरडा वाजतो' ही तक्रार आम्हीही ऐकली होती. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धेच. या प्रकारात शेवटी एक फिल्टर असतो. साध्या मांडणीत स्पीकर बदलला की वरच्या पट्टीतला आवाज थोडा बदलतो. चांगल्या मांडणीत फिल्टरनंतरचा आवाज पुन्हा तपासून सुधारला जातो आणि हा दोष जवळपास नाहीसा होतो. नेदरलँड्समधील हायपेक्स, डेन्मार्कमधील प्युरिफाय अशा कंपन्यांचे तयार मॉड्यूल अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवलेले असतात. म्हणून डब्यावरच्या नावाइतकेच आतल्या मॉड्यूलचे नाव विचारणे महत्त्वाचे.

धाकटीच्या कॉलेजप्रवेशाचे पैसे बाजूला ठेवून उरले, त्यात बसणारा एक छोटा, बिनपंख्याचा क्लास डी आम्ही निवडला. घेण्याआधी आमचीच एक कॅसेट दुकानात लावून पाहिली. उर्दू शिकवणाऱ्याची कसोटी सोपी असते: शायराचे शीन-काफ दुरुस्त ऐकू येते का? सीन आणि शीन, काफ आणि क़ाफ वेगवेगळे कानावर आले. तासाभराने डब्यावर हात ठेवला, तर तो जेमतेम कोमट होता.

तुम्हीही घेणार असाल तर एवढे करा. स्पीकरची संवेदनशीलता आणि ओहम पाहा. आमच्या स्पीकरवर 8 ओहम लिहिले आहे, पण काही स्वरांवर ते 3.2 पर्यंत उतरतात. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर 4 ओहम आरामात पेलणारा हवा. नुसता चालू असताना तो किती वॉट घेतो, हे विचारा. थंड असला तरी त्याच्यावर वह्यांचा गठ्ठा ठेवू नका, वरून-बाजूने हवा खेळू द्या. मीडियम वेव्हचा जुना रेडिओ त्याच्यापासून लांब ठेवा, नाहीतर त्यात खरखर येऊ शकते. आम्ही अब्बांचा रेडिओ दुसऱ्या खोलीत हलवला.

या सुट्टीत 31 कॅसेटी लिहून झाल्या. पंखा बंद करून अब्बा अर्धा अर्धा तास बसू शकले, मध्ये पाणी पिऊन पुन्हा बसले. दोन आवाज त्यांनाही ओळखता आले नाहीत. त्या कॅसेटी वेगळ्या ठेवल्या आहेत, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा लावू.