किर्लोस्करवाडीची एक सकाळ

यंदाच्या माघात किर्लोस्करवाडीस जाण्याचा योग आला. तीर्थयात्रेस निघण्याच्या वयात मी कारखान्याची वाट धरली, याचे वाचकांस नवल वाटेल; परंतु कारणही तसेच घडले. माझा नातू यंत्र-अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. दोन विषयांत तो अनुत्तीर्ण झाला आणि एके रात्री मजजवळ म्हणाला, "आजोबा, हे सारे कशासाठी शिकायचे तेच कळत नाही. मी कॉलेज सोडतो." मी सवयीने उत्तर दिले, "अरे, आधी पाठ कर. अर्थ मागाहून कळेल." तो गप्प राहिला. त्याचे ते मौन मला लागून राहिले. पुढे त्याच्या वर्गाची सहल निघाली. सोबतचे प्राध्यापक माझे जुने विद्यार्थी. त्यांच्या आग्रहावरून मीही निघालो.

कराड मागे पडले की लोहमार्गाच्या दोहो बाजूंस कृष्णाकाठची काळी जमीन व उसाचे मळे लागतात. अशा मुलखात वाडीची जागा एके काळी निवडुंगाचे माळरान होती, हे खरे वाटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे शिक्षकच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिकवीत. पुढे बेळगावास सायकलींचा व्यवसाय, मग कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर, असा त्यांचा क्रम. बेळगावची जागा सोडणे भाग पडले, तेव्हा औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळचा हा माळ त्यांस दिला, आणि १९१० साली वाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांस धास्ती होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली म्हणतात. आज येथे पाण्याचे पंप तयार होतात.

आरंभीचा तासभर मात्र निष्फळ गेला. चाळीस मुले रांगेने हिंडली, माहिती सांगणारा सांगत होता, आणि मागच्या रांगेत जेवण केव्हा याची कुजबुज चालली होती. आमचे चिरंजीव सर्वांच्या मागे. नुसत्या पाहण्याने जिज्ञासा जागी होत असती, तर रुळांकाठी राहणारे सारेच अभियंते झाले असते!

ओतशाळेत एका वयस्क कारागिराने मुलांस थांबविले. त्याने दोन पट्ट्या जवळ ठेवल्या. "पोरांनो, फरक सांगा." दोहींवरील खुणा जुळत ना. सर्व गप्प. इतक्यात मागून नातवाचा आवाज आला, "ओतीव लोखंड निवताना आक्रसते."

"किती?"

"सुमारे शेकडा एक."

"मग मीटरभर लांबीच्या नगाला लाकडी नमुना केवढा?"

"एक सेंटिमीटर मोठा."

"आणि तेवढा विसरलास तर?"

कारागिराने कोपऱ्यातील मोडीच्या ढिगाकडे बोट केले. नातू त्या ढिगाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग मजकडे वळून म्हणाला, "आजोबा, हे पुस्तकात होते. पण याची गरज कोणाला आणि केव्हा पडते, हे तेथे नव्हते." त्यानंतर त्याने त्या गृहस्थास इतके प्रश्न विचारले की प्राध्यापकांस त्याला हाताला धरून बाहेर न्यावे लागले.

मी तेथेच उभा राहून तप्त रस वाळूच्या साच्यात उतरताना पाहत होतो. माझा जन्म धातूंची रूपे चालविण्यात गेला. पण माझ्या वर्गातही मुले जांभया देत, आणि तेच रूप एखाद्या श्लोकात भेटले की त्यांचे डोळे चमकत. हा अनुभव गाठीस असून घरच्या मुलास मी "घोक" म्हणून सांगितले, ही माझी चूक.

एका सकाळीने मुलगा पालटतो, असे मी म्हणत नाही. त्याची परीक्षा अजून व्हावयाची आहे, आणि चाळिसांपैकी कित्येक कोरेच परतले. शिवाय पाठांतरही वाया गेले नाही. ते नसते, तर पट्टीचा प्रश्न नातवास सुटता ना. उणीव होती ती प्रयोजनाची. आणि ते कळले कोणी दाखविल्याने नव्हे, तर कोणी विचारल्याने. असो. परतीच्या गाडीत त्याने आपण होऊन पुस्तक उघडले. सुट्टीत महिनाभर एखाद्या ओतशाळेत काम करावयाचे, असे त्याच्या मनात आहे. त्याच्या वडिलांस हे हलके वाटते. त्यांची समजूत घालण्याचे काम मी पत्करले आहे.