एका मॅचचं करिअर

रमाकांत आचरेकर सरांचा रिझ्युमे आज एखाद्या एचआरच्या टेबलावर गेला असता तर? फर्स्ट क्लास मॅच: एक. १९६३-६४ च्या मोईन-उद-दौला स्पर्धेत, स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध. बस्स. संपलं खेळाडू म्हणून करिअर!

आता त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं बघा. १९८३ च्या वर्ल्ड कप टीममधला बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, कांबळी, आगरकर. आणि अर्थात सचिन.

सर लेक्चर देत बसत नसत, मॅच खेळायला लावायचे. सचिनला स्कूटरवर मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर न्यायचे, कधी दिवसाला दोन-दोन मॅचेस. नेटमध्ये स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो सचिनला आउट करेल त्याचं, नाहीतर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवलीत. पण सर 'छान खेळलास' असं कधी म्हणाले नाहीत, पोरगं हवेत जाईल म्हणून. सचिननेच हे २०१३ साली वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सांगितलं.

द्रोणाचार्य पुरस्कार १९९० ला, पद्मश्री २०१० ला. सर २०१९ मध्ये गेले. पण मला राहून राहून ती स्कूटर आठवते. किक मारताना मागे बसलेल्या पोराचं पुढे काय होणार, हे सरांना तरी कुठे ठाऊक होतं?

आमच्या दुसरबीडकडे शिवाजी पार्क नाही. आमचे पी.टी.चे सर खो-खोची टीम घेऊन एसटीने तालुक्याला, सिंदखेडराजाला जायचे. त्या टीममधून भारताकडून कोणी खेळलं नाही. एक पोलिसात आहे, एक मास्तर, एक मी. पण हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर यायचं, हे त्यांनीच शिकवलं. त्याचा हिशोब कोणत्या रकान्यात लिहायचा?

हे सगळं आत्ताच का सुचलं? तर माझ्याकडे चार फ्रेशर्स आलेत. आमच्याकडे अप्रेझलमध्ये शिकवण्याला जवळजवळ शून्य वेटेज, त्यामुळे मित्रांचा सल्ला असा की, "पीपीटी दे आणि मोकळा हो, तुझं प्रमोशन ड्यू आहे."

खरंय, प्रमोशन मलाही हवंय. पण सोमवारी चौघांना पीपीटीऐवजी एक खरं मॉड्यूल देणार आहे. चुकतील, माझेही दोन शनिवार जातील. जाऊ देत. मॅच खेळल्याशिवाय कोणी शिकत नाही, बॉस!